कानातला कुळीथ

करंजाच्या पाड्यावर जाऊन चिमाजीचं घर कुठं असं विचारलं तर माणूस क्षणभर तुमच्या तोंडाकडे बघत राही. कानवाला म्हातारा म्हटलं की मात्र अंगणात खेळणारं पोरसुद्धा बोट करून दाखवी. आता म्हातारा म्हणायचे ते वयावरून नव्हे बरं का. तिशीचा गडी होता तेव्हापासून तो म्हाताराच. त्याच्या बापाला असं म्हणत. बापाचं काम चिमाजीने उचललं तेव्हा बापाचं नावही आपोआप खांद्यावर आलं. काम चांगलं होतं, नाव चांगलं होतं. दोन्ही एकाच दाण्याने बुडाली, आणि त्या दाण्याबरोबर एका पोरीचा कानही बुडाला. तेव्हा आधी दाण्याचंच सांगितलं पाहिजे.

सुरगाण्याच्या पुढं, गुजरातच्या अंगाला जमीन म्हणजे नुसता उतार. ओहळाच्या कडेला भाताची चार खाचरं, त्याच्या वर नागली आणि वरई, आणि जिथं नांगर दगडावर घसरतो तिथं उडीद, तूर, वाल आणि कुळीथ. नाशिकच्या बाजारात ज्याला हुलगे म्हणतात तोच हा कुळीथ. पावसाळा सरता सरता टाकायचा, थंडीत उपटायचा, खळ्यावर वाळवून काठीने झोडपायचा. झोडपताना दाणे टणाटण उडतात, आणि खळ्यावर पोरं तर असतातच. पोराच्या अंगाला जितकी भोकं, तितकी दाण्याला घरं. कोणी नाकात घाली, कोणी कानात. का घाली, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. मग आई पोराला काखोटीला मारून चिमाजीच्या दारात.

चिमाजीची रीत बापाने घालून दिलेली. कानाला लोखंड लावायचं नाही, काडी घालायची नाही. एरंडाच्या पानाचा देठ तोडायचा, तो आतून पोकळ असतो. पोराला मांडीवर आडवं घ्यायचं, कोमट पाणी आपल्या तोंडात भरायचं आणि देठातून कानाच्या वरच्या अंगाने फुंकायचं. पाणी आत वळसा घेऊन बाहेर येतं, येताना दाण्याला घेऊन येतं. पहिल्या फुंकरीला नाही आला तर दुसऱ्या. तरी नाही आला, तर पाणी कानात तसंच ठेवून ओल्या चिंधीचा बोळा लावायचा आणि पोराला निजवायचं. सकाळी पुन्हा फुंकलं की दाणा टपकन गोजराबाईच्या पदरात. गोजराबाई त्याची बायको, ती पदर धरूनच बसलेली असे. माणसाच्या अंगातून आलेला दाणा कणगीत परत टाकायचा नाही, कोंबडीला घालायचा, एवढा एक नेम. त्यामुळे चिमाजी अंगणात देठ घेऊन बसला की कोंबड्या आधीच गोळा व्हायच्या.

एकदा एका वनरक्षकाच्या कानात भुंगेरा शिरला. याच माणसाने आठवड्यापूर्वी चिमाजीची कुऱ्हाड जप्त केलेली. बिचारा टोपी काढून चिमाजीच्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होता. चिमाजीने तोंडात पाणी भरलं, देठ लावला, आणि मग काय आठवलं कोण जाणे, पाणी गिळून टाकलं आणि अगदी हळू विचारलं, "साहेब, ती कुऱ्हाड?" वनरक्षक म्हणाला, "ने रे बाबा, दोन ने." भुंगेरा निघाला, कुऱ्हाड आली, आणि पुढं कित्येक वर्षं पाड्यावर कोणाचं काही अडलं की बाकीचे म्हणत, आधी पाणी गीळ.

ही रीत इतकी वर्षं चालली ती चिमाजीच्या हातगुणामुळे, असं सगळे म्हणत. चिमाजीलाही तसंच वाटे. खरं म्हणजे हातगुणाइतकाच गुण त्या जुन्या कुळथाचा होता. तो दाणा म्हणजे दगड. रात्रभर भिजत घातला तरी सकाळी निम्मा ठणठणीत, चुलीवर ठेवला तर लाकडाचा भारा जळेपर्यंत शिजायचं नाव नाही. बाया त्याला गणंग म्हणून शिव्या देत. पण तेच गणंगपण कानात उपकारी पडे. रात्रभर पाण्यात राहूनही तो फुगत नसे, गेला तेवढाच परत येई. हे कोणी बोलून दाखवलेलं नव्हतं. बोलून दाखवायची पाळीच आली नव्हती.

चौऱ्याण्णव साली जीवन नावाचे एक तरुण सर आले. शेतीकडचं शिक्षण, त्यातलं वरचं संशोधन चाललेलं. डोंगरात कडधान्याच्या किती जाती अजून शिल्लक आहेत, कोणता वाण कोणत्या घरात जपलाय, हे बघत ते पाडेच्या पाडे पायी हिंडत. गोजराबाईने त्यांना दुधीच्या वाळल्या भोपळ्यांत राख लावून ठेवलेलं बियाणं दाखवलं. काळा कुळीथ, तांबडा कुळीथ, ठिपक्यांचा उडीद, बारका वाल. सर भलतेच हरखले. मुक्काम करू लागले, कुळथाचं कढण पिऊन सर्दी पळवू लागले, चिमाजीच्या गोष्टींना पोट धरून हसू लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी विचारलं की तुमच्या वाणांच्या शेजारी आमचा एक सुधारलेला कुळीथ लावू का, दोन्ही जोडीने वाढवून बघू. चिमाजीने उताराची एक पट्टी दिली.

सरांचा कुळीथ फिकट रंगाचा, चांगला भरला. आणि त्याचं खरं कौतुक झालं ते चुलीपाशी. एका उकळीत शिजला. बाया खूश, लाकडाचा भारा वाचला. शाळेच्या पडवीत सरांनी लोक जमवले तेव्हा चिमाजीच उठून उभा राहिला. बोलायची हौस दांडगी. म्हणाला, आमचा कुळीथ सासूसारखा, कितीही पाणी घाला, मऊ पडत नाय. सरांचा नव्या नवरीसारखा. रात्री मूठभर भिजवा, सकाळी दोन मुठी. लोक खो खो हसले. सासवाही हसल्या.

आता पोरीकडे येऊ. चिमाजीचा मुलगा लखन सातपूरला एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर होता. पाळीची नोकरी, तिघा-चौघांत मिळून एक खोली. त्यामुळे बायको ललिता आणि पाच वर्षांची प्रतिभा पाड्यावर आजा-आजीपाशी. प्रतिभाचा डावा कान दोन वर्षांची असल्यापासून वाहायचा. सर्दी झाली की पू, सर्दी गेली तरी वास. सुरगाण्याला तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी बघून सांगितलेलं, या कानाचा पडदा गेलाय, आतली हाडंही खाल्लीत, इकडून फारसं ऐकू यायचं नाही. उजवा ठणठणीत आहे, तो जपा. वाहत्या कानात पाणी घालायचं नाही, एवढं चिमाजीच्या रीतीतही होतं, म्हणून त्याने डाव्या कानाला कधी हात लावला नाही. ललिता त्यात कापसाचा बोळा घालून ठेवी.

पोरगी मात्र बोलकी. कोणी काही सांगू लागलं की कोंबडीसारखी मान वाकडी करून उजवा गाल पुढं करी, आणि ऐकलेलं सगळं संध्याकाळपर्यंत घरोघर पोचवी. चिमाजीच्या सगळ्या गोष्टी तिला पाठ. तो वनरक्षकाची गोष्ट सांगताना कुऱ्हाडीशी आला की ती आधीच पाणी गिळल्याचा आवाज काढायची. लखन सुट्टीवर आला की जाताना बापाला हमखास बजावी, "बाबा, तिच्या उजव्या कानाकडं बघा. तेवढाच हाय तिला." चिमाजी म्हणे, मला कानाचं सांगतोस होय रे.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत कुळथाची झोडपणी चालली होती. सरांच्या पट्टीचा माल निराळा ठेवायचा ठरलेला, म्हणून तो गोठ्याच्या अंगाला वेगळ्या घोंगडीवर पसरला होता. प्रतिभा तिथंच खेळत होती. दुपारी ती आईपाशी येऊन मोठ्या आनंदाने म्हणाली की मी या कानात पण औषध घातलं. डाव्या कानात आई रोज काहीतरी घालते, मग उजव्याने काय पाप केलंय, असा तिचा हिशोब असणार.

ललिताने कान उन्हात धरून बघितला आणि तिला आत दाणा दिसला. तिने सासऱ्याला हाक मारली. सासऱ्याला ती मामा म्हणे. चिमाजी झोडपायची काठी टाकून हसत हसतच आला. आजवर गावाचं केलं, आता घरचंच गिऱ्हाईक, असं काहीतरी म्हणाला. येता येता एरंडाचा देठही तोडून आणला.

ललिता म्हणाली, "मामा, ही गोठ्यापाशी होती. सरांचा दाणा असंल."

"कुळीथ तो कुळीथ," चिमाजी म्हणाला. "धर तिला."

ज्या माणसाने पडवीत उभं राहून मूठभराच्या दोन मुठी सांगितल्या, त्याच माणसाचं हे वाक्य. कोणाला खरं वाटणार नाही. पण चुलीपाशी जे माहीत असतं ते चुलीपाशी राहतं, आणि मांडीवरच्या कानापाशी जे माहीत असतं ते बापाकडून आलेलं असतं. दोन्हींची गाठ पडायला मधे एक पाऊल टाकावं लागतं, आणि ते पाऊल टाकायची चिमाजीला जन्मात गरज पडली नव्हती.

त्याने पाणी फुंकलं. दाणा आला नाही. पुन्हा फुंकलं, पुन्हा फुंकलं. पोरगी आधी खिदळत होती, मग रडू लागली. कोंबड्या जमल्या होत्या त्या कंटाळून पांगल्या. चिमाजीने पाणी आत ठेवून ओल्या चिंधीचा बोळा लावला आणि म्हणाला, निजू द्या, सकाळी येईल.

सकाळी कानाचं भोक दिसेना. कड सुजून लाल झालेली, पोरगी गालाला हात लावू देईना. गोजराबाई म्हणाली, सुरगाण्याला दवाखान्यात न्यावं. ललिताने तर पोरीला शालीत गुंडाळलंही होतं. जीप सकाळची एकच, ती खालच्या रस्त्याला येऊन थांबे. चिमाजी उंबऱ्यात आडवा उभा राहिला. मारायला उठला असं नव्हे, आवाजही चढवला नाही. पण त्याने म्हटलं, कानवाल्याच्या घरातली पोर कानासाठी दवाखान्यात नेली तर उद्या या दारात कोण येईल? आजचा दिवस थांबा. सुजलंय म्हणजे दाणा तोंडाशी आलाय, आज निघतोच. ललिताने सासूकडे बघितलं. सासूने खाली बघितलं. खालून जीपचा हॉर्न वाजला, वाजत वाजत पुढं गेला.

तो अख्खा दिवस चिमाजी पाणी फुंकत होता. ज्या दाण्याला मिळेल तेवढं पाणी पिऊन फुगायचं होतं त्याला तो आणखी पाजत होता. दिवस मावळायच्या सुमाराला पोरगी एकदम ओरडली आणि मग गप्प झाली. कानातून पाण्याबरोबर रक्त आलं. चिमाजीने एरंडाचा देठ खाली ठेवला, आणि मग त्याने तो उचलला नाही.

पुढच्या सकाळी ती तापाने फणफणलेली, मान लाकडासारखी. या वेळी चिमाजीनेच तिला उचललं, ललिता मागोमाग. जीपमध्ये माणसं टपापर्यंत भरलेली. पुंजाराम ड्रायव्हरने एका नजरेत काय ते ओळखलं, पुढच्या सीटवरच्या दोघांना खाली उतरवलं आणि कुठेही न थांबता गाडी सुरगाण्याला घातली. तिथल्या डॉक्टरांनी हातही लावला नाही, सरळ नाशिकला न्या म्हणाले. तेव्हाचा घाटातला रस्ता म्हणजे नुसते खड्डे. प्रत्येक खड्ड्याला पोरीच्या तोंडातून एक बारीक आवाज निघे. चिमाजी तिचं डोकं दोन्ही हातांत धरून बसला होता, आणि पुंजाराम पुढं अनेकांना सांगे की एवढा बोलका माणूस, पण सुरगाणा ते नाशिक एक शब्द बोलला नाही.

नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टर एक बाई होत्या. त्यांनी तिला लगेच आत घेतलं. निरोप पोचताच लखन सातपूरहून धावत आला, अंगावर पाळीचेच कपडे, हात तेलाने काळे. तो बापाला ओलांडून ललितापाशी जाऊन उभा राहिला.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलची एक वाटी होती. वाटीत कापसावर दाणा, दोन तुकड्यांत काढलेला. फिकट, मऊ, आपल्या मूळ मापाच्या दुप्पट. आणि त्याला मोड आला होता. पांढरा, चांगला बोटाच्या नखाएवढा.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "पाणी कोणी घातलं कानात?"

ललिता म्हणाली, "यांनी." बोट करायची गरज नव्हती.

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर चिमाजीला सोसलं असतं. त्या दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही घरी कडधान्य भिजत घालता ना? सकाळी केवढं होतं ते?"

चिमाजी वाटीकडे बघत राहिला. त्याची नजर मोडावर होती. आयुष्यभर बियाणं पारखलेला माणूस, त्याच्या मनात आपोआप आलं की उगवण चांगली आहे. असं मनात आलं याचीच त्याला इतकी शिसारी आली की त्याला तिथं उभं राहवेना. तो जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला.

कानामागचं हाड उघडून आतला पू काढावा लागला. पोरगी जगली. पंधरवड्याने डॉक्टरबाईंनी लखन आणि ललिताला बसवून नीट सांगितलं. उजव्या कानाचा पडदा फाटला, त्याचंही काही करता आलं असतं. पण पू आतपर्यंत, जिथं ऐकणं बसलेलं असतं तिथपर्यंत गेला, आणि तो भाग संपला. डावा आधीच गेलेला. त्या कानाने तिला ढोल समजेल, जवळून गेलेला ट्रक समजेल. बोलणं समजणार नाही. लखनने विचारलं की एक दिवस आधी आणलं असतं तर? डॉक्टरबाई म्हणाल्या, बहुतेक वाचला असता.

जीवन सर बिस्किटांचे पुडे घेऊन दवाखान्यात आले होते. कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं. ते चिमाजीच्या शेजारी पायरीवर बसले आणि चाचरत म्हणाले की तो दाणा पाण्यात लवकर फुगतो हाच मी त्याचा मोठा गुण म्हणून लिहिलाय. चिमाजी म्हणाला,

"त्याला काय बोल लावायचा सर. पाणी मिळालं, फुगला. बियाण्यानं आणखी काय करायचं असतं?"

सरांनी आपलं काम पुरं केलं. त्यांच्या लिखाणात करंजाच्या पाड्याचे सगळे वाण आले असणार, तांबडा, काळा, ठिपक्यांचा. पाड्यावर मात्र हळूहळू फिकट दाणाच राहिला. बायांना लाकडं वाचवायची होती, त्यांचं काय चुकलं? गणंग कुळीथ गोजराबाईच्या एका भोपळ्यात उरला, तोही ती सवयीने दर वर्षी मूठभर लावून उतरवी म्हणून.

लखनने बायकोला आणि पोरीला सातपूरला नेलं. बापाशी तो भांडला नाही. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. तो फक्त बोलायचा थांबला. आईशी बोले, जीपवाल्याकडे निरोप देई, बापासमोर आला की चपला घालू लागे. प्रतिभाला नाशिकच्या मूकबधिर मुलांच्या वसतिगृहाच्या शाळेत घातलं. पहिल्या सुट्टीत ती आली तेव्हा बोलत होती, पण बोलणं सपाट झालेलं, शेवटची अक्षरं गळालेली, कुठं मोठ्याने बोलायचं आणि कुठं हळू ते कळेनासं झालेलं. पाड्यावरची पोरं तिची नक्कल करू लागली. तेही एक वेळ ठीक, पण तिला ते ऐकू येत नसल्यामुळे ती त्यांच्याबरोबर हसायची. चिमाजीने एका पोराच्या पाठीत काठी घातली, त्यावरून तंटा झाला. पुढच्या सुट्टीत ती कमी बोलली. त्याच्या पुढच्या सुट्टीत हातानेच.

हाताची भाषा चिमाजीला येईना. ज्या माणसाचा सगळा जीव जिभेवर, त्याच्या बोटांना काय कळणार. तो आपला सवयीने गोष्ट सुरू करी, कुऱ्हाडीपाशी येई आणि थांबे. पोरगी त्याच्या ओठांकडे बघत बसलेली असे, पुढं काय झालं म्हणून भुवया उंचावी. तो उठून गुरांकडे जाई.

आणि कानाचं काम त्याने सोडलं. दारात कोणी पोर घेऊन आलं की म्हणे, नाशिकला ने. सुरुवातीला लोकांनी समजून घेतलं. मग कुरकुर सुरू झाली. भाड्याला पैसे कुणाकडे असतात, मजुरीचा दिवस कोण मोडणार? एकाच्या पोराचा बिघडला म्हणून सगळ्यांचे काय बिघडणारेत, असं त्याच्या तोंडावर बोलत. काहींनी पलीकडच्या डोंगरावरचा एक भगत धरला. तो आकडा घालून काढी. त्याच्याकडून किती पोरं कान फुटून आली ते कोणी मोजलं नाही. चिमाजीला मात्र प्रत्येकाचं नाव ठाऊक होतं.

दोन हजार चार साली पाऊस उघडता उघडता निवडणूक आली. शाळेच्या इमारतीत मतदान म्हणून प्रतिभाच्या शाळेने मुलांना घरी पाठवलं. ललिताचं पोट पुढं आलेलं, म्हणून लखनने पोरीला पुंजारामच्या जीपने आज्याकडे पाठवून दिलं. ती बारा वर्षांची झाली होती. उंच, काटक, नजर अशी की समोरच्याचा चेहरा वाचून टाकी. उडदाची काढणी चालली होती. ती आजीबरोबर खळ्यावर झोडपायला बसली.

अशाच एका दुपारी रंगूबाई आली. चिमाजीच्याच बरोबरीची बाई, वरच्या आळीची. काखेत तीन वर्षांचा नातू, रडून निळा पडलेला. कानात उडीद. त्याचा बाप द्राक्षाच्या कामाला निफाडकडे गेलेला, आई माहेरी. चिमाजी म्हणाला, नाशिकला ने. रंगूबाई म्हणाली की कशात नेऊ? सगळ्या जीपा निवडणुकीच्या कामाला लागल्यात, परवापर्यंत एक यायची नाय. पाय धरायची वेळ आणू नको. त्याने मान फिरवली. तेव्हा ती चिडली.

"माझ्या दोन्ही लेकांचं तूच काढलंस चिमाजी. तुझ्या पोरीचं वाईट झालं, झालं. त्याचा दंड माझ्या नातवाने का भरायचा?"

पोरगं किंचाळत होतं. आजूबाजूच्या दोन-तीन बाया जमल्या, त्याही तेच म्हणू लागल्या. आणि चिमाजीच्या मनात काहीतरी सरकलं. त्याने विचारलं की उडीद कुठला, बाजारचा का घरचा? रंगूबाई म्हणाली, घरचा, ठिपक्यांचा, जुनाच. कधी घातला? आत्ताच, तासही नाय झाला. चिमाजीला वाटलं, या वेळी विचारलंय. तेव्हा विचारलं नव्हतं, आता सगळं विचारलंय. जुना दाणा, तासाभराचा, एकदा फुंकून बघायला काय हरकत? नाही आला तर लगेच थांबायचं. या वेळी थांबायचं हे आता माहीत आहे.

गोजराबाईने त्याच्याकडे बघितलं आणि ती पुन्हा उडीद झोडपू लागली.

चिमाजीने कुंपणाच्या एरंडाचा देठ तोडला. कोणीतरी चुलीवरचं कोमट पाणी तांब्यात आणून दिलं. त्याने पोराला मांडीवर आडवं घेतलं. आठ वर्षांनी, पण हात बरोबर बसले. डोकं कसं वळवायचं, मान कुठं धरायची, सगळं हाताला आठवत होतं. त्या ओळखीचं त्याला बरं वाटलं. त्याने तोंडात पाणी भरलं.

प्रतिभा खळ्याच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरी होती. तिला पोराचं रडणं ऐकू आलं नव्हतं, बायांची बाचाबाची ऐकू आली नव्हती. दाण्यांची पाटी रिकामी करायला ती वळली आणि तिने बघितलं. मांडी, आडवं पोर, देठ, फुगलेले गाल.

ती पळत आली. तिने तांब्या उचलला आणि पाणी जमिनीवर ओतलं. मग आज्याच्या हातातला देठ काढून घेतला, मोडला, टाकला. बाया काही म्हणत होत्या, रंगूबाई अंगावर धावून आली, प्रतिभाचं त्यांच्याकडे लक्षही नव्हतं. ती चिमाजीच्या समोर उकिडवी बसली. त्याच्या फुगलेल्या गालांवर आपले दोन्ही हात ठेवले आणि दाबले. पाणी त्याच्या ओठांतून निघून छातीवर सांडलं. मग ती बोलली. कित्येक वर्षांत तिने घरात आवाज काढला नव्हता. आवाज जाड, सपाट, कोणत्याही चढउताराशिवाय.

"कोरडं. कोरडंच न्यायचं."

पाच वर्षांच्या पोरीला तापात काय आठवत असेल, असं चिमाजीने आजवर धरून चाललं होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला कळलं की तिला सगळं आठवतंय. देठ, चिंधी, उंबऱ्यात आडवा उभा राहिलेला आजा, पुढं गेलेली जीप.

तिने पोराला उचलून काखेला मारलं. रंगूबाईला हाताने ये म्हणून खूण केली आणि ती डांबरी रस्त्याच्या दिशेने चालू लागली. तिकडं ट्रक मिळतो, दुधाची गाडी मिळते, नाहीच मिळाली तर सुरगाणा पायी गाठता येतं. रंगूबाई दोन शिव्या देऊन तिच्या मागे निघाली.

चिमाजी उठून उभा राहिला. पोरगी ओहळाच्या वाटेने चालली होती, आणि तिकडचा साकव त्या पावसाळ्यात वाहून गेला होता. तिला ते माहीत नव्हतं, आणि रंगूबाई बरीच मागं पडली होती. कड्यावरून जा असं सांगायला पाहिजे होतं. हाक मारायला त्याने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. मग पायांत काही न घालताच तो उतारावरून तिच्या मागे पळू लागला.